अर्धवेळ एम. ए. (लोकप्रशासन) : फीची सोय कशी करावी?

भांडुपकरीण

नमस्कार. दक्षिण मुंबईतील एका निमशासकीय कार्यालयात मी बारा वर्षांपूर्वी लिपिक-टंकलेखक म्हणून लागले आणि आता वरिष्ठ लिपिक आहे. दिवसभर टिपण्या लिहिते, सभेची इतिवृत्ते तयार करते आणि निविदांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर पाठवते. हे सगळे असे का चालते, नियम कोणी आणि कशासाठी केले, हे नीट शिकावे असे बरेच दिवस मनात आहे, म्हणून लोकप्रशासनात पदव्युत्तर पदवी घ्यायचे ठरवले आहे. नोकरी सोडणे शक्य नाही, त्यामुळे नोकरी सांभाळून जे होईल तेच करायचे आहे.

अडचण पैशाची आहे. हातात साधारण ४८,००० रुपये येतात. घराच्या हप्त्यातला माझा वाटा १७,००० रुपयांचा आहे, मुलगा पाचवीत आहे आणि सासूबाईंच्या औषधांचा खर्च दरमहा ठरलेला आहे. गेल्या शनिवारी उपनगरातल्या एका 'प्रवेश केंद्रा'त जाऊन आले. परराज्यातील एका खासगी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी, दोन वर्षांचे १,२०,००० रुपये आणि तेही दरमहा ५,००० रुपयांच्या 'बिनव्याजी' हप्त्यांनी, असे तिथल्या मुलीने सांगितले. शिवाय फीची रक्कम आयकराच्या ८०सी कलमाखाली दाखवता येते, कर्ज घेतले तर ८०ई आहेच, आणि पदवी हाती आली की बढतीचा मार्ग मोकळा, असेही ती म्हणाली. त्याच बैठकीत माझ्या फोनवरून बँकेला हप्ता कापण्याची परवानगी देण्यापर्यंत गोष्ट आली होती. 'घरी विचारून सांगते' असे म्हणून उठले खरी, पण आज सकाळपासून तिचे तीन फोन येऊन गेले आहेत.

दुसरा पर्याय मुक्त विद्यापीठाचा आहे. तिसरा म्हणजे बँकेचे शैक्षणिक कर्ज. ज्यांनी नोकरी करताना असे शिक्षण घेतले आहे त्यांनी पैसे कसे उभे केले, हे कृपया सांगावे.

हिशेबी_माणूस

भांडुपकरीणताई, करांबद्दल तुम्हाला जे सांगितले गेले त्यातले अर्धे चुकीचे आहे आणि उरलेले अर्धे तुमच्या उपयोगाचे नाही.

८०सी खाली जी शिकवणी फी दाखवता येते ती फक्त मुलांची, जास्तीत जास्त दोन मुलांची, आणि तीही पूर्णवेळ शिक्षणासाठी भरलेली. स्वतःच्या शिक्षणाची फी त्यात बसत नाही. ८०ई मात्र स्वतःच्या शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जालाही लागू होते. पूर्वी त्यात पूर्णवेळ आणि ठरावीक शाखांचीच अट होती, ती २००९ च्या वित्त कायद्याने सैल झाली. पण वजावट मिळते ती केवळ व्याजाची, मुद्दलाची नाही. व्याज भरायला सुरुवात कराल ते वर्ष आणि पुढची सात, अशी आठ वर्षे ती मिळू शकते आणि तिला वरची मर्यादा नाही. कर्ज बँकेचे, अधिसूचित वित्तसंस्थेचे किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे असावे लागते. पतपेढीचे, कार्यालयाचे किंवा भावाकडून उसने घेतलेले पैसे त्यात चालत नाहीत, आणि साधे वैयक्तिक कर्ज काढून ते शिक्षणाला वापरले तरी ते शैक्षणिक कर्ज ठरत नाही.

आता खरी गंमत पाहा. ही वजावट जुन्या कररचनेतच मिळते. तुमचा हातातला पगार पाहता तुमचे वार्षिक उत्पन्न १२ लाखांच्या बरेच आत असणार, आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या रचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, पगारदारांना प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंत. जिथे करच नाही तिथे वजावट कशातून करणार? समजा तुम्ही हट्टाने जुन्या रचनेत राहिलात आणि ६०,००० रुपये ११ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण २,७९६ रुपयांचा आणि एकूण व्याज ७,१०० रुपयांच्या आसपास होईल. २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह त्यावर वाचतील जेमतेम १,४८० रुपये. म्हणजे दीड हजार वाचवण्यासाठी सात हजारांचे व्याज भरायचे. आमच्या आजीच्या भाषेत, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

'बिनव्याजी' या शब्दाबद्दल एकच सांगतो. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नसते, व्याज कुठेतरी प्रक्रिया शुल्कात किंवा किमतीत दडवलेले असते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते.

मुलुंड_चेक_नाका

त्या हप्त्यांच्या मागे काय असते ते मी घरात पाहिले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मावसभावाने चार वर्षांपूर्वी अशाच एका केंद्रातून प्रवेश घेतला. केंद्राचे नाव लिहीत नाही. तो समजत होता की आपण विद्यापीठाला दरमहा हप्ता देतो आहोत. प्रत्यक्षात त्याच्या नावावर एका वित्त कंपनीचे कर्ज निघाले होते, त्या कंपनीने पूर्ण फी पहिल्याच आठवड्यात केंद्राला दिली होती, आणि तो दरमहा फेडत होता ते त्या कंपनीचे देणे. आठव्या महिन्यात केंद्राला टाळे लागले. पुस्तके आली नव्हती आणि परीक्षेचा पत्ता नव्हता, पण हप्ता मात्र दर ५ तारखेला सकाळी सहा वाजून काही मिनिटांनी खात्यातून जायचा. थांबवला तर सिबिल बिघडेल या भीतीने त्याने सोळाही उरलेले हप्ते भरले. पावत्यांची ती प्लास्टिकची पिशवी अजून मावशीच्या कपाटात आहे.

म्हणून आधी पैशाचा विचार बाजूला ठेवा आणि मान्यता तपासा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर, म्हणजे 'डेब'च्या, कोणत्या विद्यापीठाला कोणत्या सत्रात कोणता अभ्यासक्रम चालवायला परवानगी आहे त्याची यादी असते. नुसते विद्यापीठाचे नाव असून भागत नाही, तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचे सत्र दोन्ही त्यात हवे. फ्रँचायझी पद्धतीने अभ्यास केंद्र चालवायला यूजीसीची परवानगी नाही. प्रवेशासाठी २०२४ पासून डेब-आयडी लागतो, तो विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो. मावसभावाच्या शेजाऱ्याला अलीकडे एका केंद्राने 'आम्हीच काढून देतो' म्हणत आपलाच मोबाइल क्रमांक त्याला जोडला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि दूरशिक्षणाच्या पदवीला कोणी नाक मुरडले तर सांगा, की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

भांडुपकरीण

हे वाचून पोटात गोळा आला. मी यादी पाहिली. विद्यापीठाचे नाव आहे, पण लोकप्रशासन त्यांच्या परवानगीच्या विषयांत दिसत नाही. केंद्रातल्या मुलीला विचारले तर म्हणाली, 'मॅडम, ते एमबीएमध्येच येतं.'

फलाट_क्रमांक_६

मी इग्नूमधून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून) लोकप्रशासनात पदव्युत्तर पदवी घेतली, अंबरनाथहून मस्जिद बंदरला रोज ये-जा करत. तुमचा प्रश्न फीचा आहे, पण माझा अनुभव असा की मुक्त विद्यापीठात फी हा सर्वांत लहान खर्च असतो. ती काही हजारांत असते आणि मुख्य म्हणजे एकदम भरावी लागत नाही. पहिल्या वर्षाची प्रवेशाच्या वेळी, दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणीच्या वेळी. अभ्यासक्रमाची किमान मुदत दोन वर्षे आणि कमाल चार. एखाद्या वर्षी घरात लग्न किंवा आजारपण निघाले, तर परीक्षा पुढच्या सत्रावर ढकलता येतात. हप्त्याच्या करारात ही सवड मिळत नाही, तिथे तुम्ही अभ्यास करा की न करा, पैसे जातच राहतात.

खर्च होतो तो दोन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे रजा. परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. मी पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात चारही विषय जूनमध्ये घेतले. नैमित्तिक रजा आधीच मुलीच्या गोवरात संपल्या होत्या, अर्जित रजा वरिष्ठांनी मार्चअखेरच्या राहिलेल्या कामांचे कारण देऊन नाकारली, आणि दोन पेपरांचे दिवस बिनपगारी गेले. त्या दोन दिवसांचा पगार त्या दोन विषयांच्या परीक्षा फीच्या कितीतरी पट होता. दुसऱ्या वर्षी शहाणा झालो. दोन विषय जूनमध्ये, दोन डिसेंबरमध्ये.

दुसरे ठिकाण म्हणजे नापास होणे. परीक्षा फी विषयागणिक वेगळी असते आणि विषय राहिला तर ती पुन्हा भरावी लागते. प्रशासकीय सिद्धांताच्या पेपराने मला दोनदा पाणी पाजले. टेलर, वेबर आणि सायमन यांची नावे तेव्हा मी कल्याण लोकलच्या दारात उभा राहून घोकत असे, आणि बाजूचा माणूस विचारायचा, 'काय साहेब, स्तोत्र का?'

पुस्तकांना पैसे घालू नका. ई-ज्ञानकोशावर इग्नूचे सगळे पाठ्यसाहित्य फुकट आहे. प्रवेश घेण्याआधीच विकेंद्रीकरण आणि स्थानिक शासनाचे दोन घटक वाचून पाहा. तिथेच डोळे मिटू लागले तर सगळीच फी वाचली.

फक्त भाषेचा विचार करा. माझ्या वेळी उत्तरे इंग्रजी किंवा हिंदीत लिहावी लागत. मराठीतून लिहायचे असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे माहितीपत्रक पाहा आणि तुमच्या सत्रात हा विषय आहे का तेही डेबच्या यादीत ताडून घ्या.

जुनी_टिपणी

मी मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे माझे सांगणे थोडे कागदी वाटेल. मुली, पैसे भरण्याआधी परवानगी घे. आस्थापना शाखेकडे अर्ज दे. त्यात अभ्यासक्रमाचे नाव, विद्यापीठ, कालावधी आणि कार्यालयीन वेळेत कोणताही वर्ग नाही हे स्पष्ट लिही, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घे. ती पोच पुढे सोन्याच्या भावाची ठरते. माझ्या एका सहकाऱ्याने पदवी मिळाल्यावर सेवापुस्तकात नोंद घेण्याची विनंती केली, तेव्हा 'पूर्वपरवानगी दिसून येत नाही' एवढ्या एका ओळीवर त्याची फाइल दीड वर्ष पडून राहिली.

बढतीचे जे तुला सांगितले त्यावर भाळू नकोस. आपल्याकडे बढती सेवाज्येष्ठता, विभागीय परीक्षा, गोपनीय अहवाल आणि रिक्त पदे यांवर चालते. सेवाप्रवेश नियमांत ही पदवी लिहिलेली असेल तरच तिचे वजन, नाहीतर ती तुझ्या डोक्यात राहील आणि सेवापुस्तकाच्या एका पानावर. तेही कमी नाही, पण मग कर्ज काढताना 'बढती मिळाली की फेडू' हे वाक्य हिशेबात धरता येत नाही.

महापालिकेतले लोक अंधेरीच्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचे एलएसजीडी किंवा एलजीएस हे स्थानिक शासनाचे अभ्यासक्रम करतात. संस्था १९२६ पासूनची आहे आणि पालिकेच्या नोकरीत त्या अभ्यासक्रमांचा प्रत्यक्ष उपयोग होतो. पण ती पदविका आहे, पदवी नव्हे. तुझ्या कार्यालयाचे नियम वाचून कोणती पाहिजे ते ठरव.

केंद्रीय_बाबू

केंद्र सरकारच्या मुंबईतील कार्यालयांत असलेल्यांसाठी एक माहिती. नोकरीत असताना मिळवलेल्या उच्च अर्हतेसाठी एकरकमी प्रोत्साहन रक्कम मिळते. मार्च २०१९ च्या आदेशानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पदव्युत्तर पदवीला २५,००० रुपये आणि पीएच.डी.ला ३०,००० रुपये. अट अशी की अर्हता तुमच्या पदाच्या कामाशी थेट संबंधित हवी, निव्वळ साहित्यिक किंवा शैक्षणिक विषय चालत नाहीत. लोकप्रशासन बसवता येते, पण ते कामाशी कसे जोडलेले आहे हे लिहून द्यावे लागते. मला ही रक्कम मिळाली आणि माझी सगळी फी त्यातून निघून वर थोडे उरले. राज्याच्या किंवा निमशासकीय सेवेला हा आदेश लागू नाही, त्यामुळे ताईंना याचा उपयोग नाही, पण धागा वाचणाऱ्या इतरांना होईल.

पतपेढीचा_सभासद

सगळेजण कर्जाच्या विरोधात लिहीत आहेत, म्हणून मी बाजू मांडतो. आमच्या कर्मचारी पतपेढीतून मी शिक्षणासाठी ४०,००० रुपयांचे आकस्मिक कर्ज घेतले. दोन जामीनदार, दोघेही माझ्याच विभागातले. फॉर्मवर सही करताना त्यांनी चहा मागितला, एवढाच प्रक्रिया शुल्क. वीस महिने दरमहा २,००० रुपये मुद्दल पगारातूनच कापले गेले. १० टक्के दराने घटत्या शिलकीवर एकूण व्याज ३,५०० रुपये झाले, आणि वर्षाअखेरीस भागांवरचा लाभांश मिळाला तो वेगळा. करसवलत नाही हे मान्य. पण पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा ती कपात दिसली की अभ्यासाला बसावेसे वाटते. स्वतःच्या खिशातून भरणारे माझे दोन मित्र दुसऱ्या सत्रानंतर पुस्तके बंद करून बसले.

बँकेतही गेलो होतो. तिथल्या अधिकाऱ्याने अर्ज वाचून, 'आमची योजना नियमित अभ्यासक्रमांसाठी आहे, दूरस्थ शिक्षणाला देत नाही' असे सांगून परत दिला. अर्धवेळ शिकणाऱ्याला शैक्षणिक कर्ज मिळणे अवघडच असते.

हिशेबी_माणूस

पतपेढीवाले दादा, तुमचा मुद्दा शिस्तीचा आहे, पैशाचा नाही, आणि शिस्तीसाठी ३,५०० रुपये महाग नाहीत हे मी मान्य करतो. पण मुक्त विद्यापीठाची फी वर्षावर्षाने भरायची असेल तर ४०,००० रुपये लागतातच कशाला? उरलेले कुठे गेले?

पतपेढीचा_सभासद

खरे सांगायचे तर लॅपटॉप घेतला. आणि थोडे गणपतीत गेले.

विक्रोळी_पूर्व

राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असलेल्यांना तीन वर्षांनंतर स्वतःच्या अंशदानाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम काही ठरावीक कारणांसाठी काढता येते. त्यात मुलांचे उच्च शिक्षण आहे आणि काही वर्षांपूर्वीच्या नियमांत स्वतःच्या कौशल्यवाढीचाही समावेश होता. ताई बारा वर्षांपूर्वी लागल्या म्हणजे बहुधा याच योजनेत असतील. तिकडे पाहावे का?

जुनी_टिपणी

पाहू नये. राज्य शासनात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम घेऊन पुन्हा भरण्याची जी सोय आम्हाला होती ती राहिली नाही. आम्ही काढलेले पैसे हप्त्याहप्त्याने परत खात्यात जात. तुमच्या योजनेतून काढलेले पैसे परत भरले जात नाहीत, म्हातारपणातून वजा होतात. काही हजारांच्या फीसाठी त्या खात्याला हात लावणे म्हणजे बियाणे दळून भाकरी करणे.

भांडुपकरीण

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांत बरेच घडले, ते क्रमाने लिहिते.

प्रवेश केंद्राला लेखी नकार कळवला. फोनवर अर्ज उघडला तेव्हा कळले की मी 'फक्त पात्रता पाहू या' म्हणून जी माहिती भरली होती, ती कर्जाच्या अर्जाचीच पहिली पायरी होती. पॅन क्रमांक दिलेला होता, बँकेची संमती तेवढी राहिली होती. मुख्य तथ्य विवरण नावाचा, कर्जाचा सगळा खर्च लिहिलेला कागद मागितला तेव्हा तो आला, आणि 'बिनव्याजी' १,२०,००० रुपयांच्या शेजारी ६,४९० रुपये प्रक्रिया व सेवा शुल्क छापलेले दिसले. तिथपर्यंत कोणी ते बोलले नव्हते.

इग्नूच्या जानेवारीच्या सत्राला प्रवेश घ्यायचे ठरवले आहे. फलाट_क्रमांक_६ यांनी सांगितल्याप्रमाणे दोन घटक वाचून पाहिले. डोळे मिटले नाहीत, उलट आमच्या कार्यालयातली एक फाइल सात टेबलांवरून का फिरते ते थोडे समजले आणि रागही आला.

पैशाचे असे केले आहे. पहिल्या वर्षासाठी फी, परीक्षा फी, छपाई आणि ये-जा धरून १५,००० रुपयांची तरतूद केली, त्यात एक विषय राहील असे गृहीत धरले आहे. आमच्या विभागातल्या दहा जणींची दरमहा २,००० रुपयांची भिशी आहे. यंदाचा माझा क्रमांक मार्चमध्ये होता, तो डिसेंबरमधल्या बाईंशी बदलून घेतला. त्यांना मार्चमध्ये मुलीच्या बारशाला पैसे हवेच होते. २०,००० रुपये हाती येतील, त्यातले ५,००० रुपये दुसऱ्या वर्षाच्या पुनर्नोंदणीसाठी बाजूला ठेवून पुढे दरमहा ८०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडेन. हिशेबी_माणूस, भिशीला कायद्याचे पाठबळ नाही हे तुम्ही लिहाल, ते मला माहीत आहे. पण यातल्या नऊ जणींबरोबर मी अकरा वर्षे एका डब्यातले खाल्ले आहे.

परवानगीचा अर्ज आस्थापना शाखेत दिला. पहिल्यांदा 'विहित नमुन्यात नाही' म्हणून परत आला. विहित नमुना मागितला तर तो कोणाकडेच नव्हता, तेव्हा मीच तयार करून दिला. काल त्याच नमुन्यावर आवक क्रमांक पडला आणि पोच मिळाली.

जुनी_टिपणी

पोचेची छायाप्रत घरी ठेव, मूळ कार्यालयाच्या खणात ठेवू नकोस.

फलाट_क्रमांक_६

आणि जूनमध्ये दोनच विषय.